आठव्या दिवशीचा ठिपका

"जेवणाचे डबे पलीकडच्या खोलीत ठेवा," मी मान वर न करताच म्हणाले.

"ठेवतो... पण हा पाव खायचा नाहीये. नुसता बघत बसायचाय."

मी वर पाहिलं. भुवईवर पीठ, पावसाने ओले खांदे आणि फडक्यात गुंडाळलेला गरम पाव. आमच्या प्रयोगशाळेत तपासणीचा नमुना असा कुशीत धरून कुणी आणत नाही. मला हसूच आलं.

त्याच्या आईने लावलेलं पिठाचं विरजण, ती गेल्यावरही तो रोज पीठ-पाणी घालून जपत होता. त्या विरजणाने पीठ सावकाश आंबलं, की तो आंबटपणाच बुरशीला लांब ठेवतो, टिकाऊपणाची पावडर लागत नाही. पण दुकानदारांना पाव आठ दिवस टिकल्याचा दाखला हवा होता. बेकरी चालवणाऱ्या त्याच्या बाबांनी बजावलं होतं – दाखला नाही मिळाला, तर विरजण मोरीत आणि पावडर पिठात.

खरं तर नमुना देणाऱ्याने रोज यायची गरज नसते. हे त्याला सांगायचं माझं रोज राहून जायचं.

चौथ्या दिवशी तुलनेसाठी शेजारी ठेवलेल्या साध्या पावाला बुरशी आली. "अरेरे, बिचारा!" तो म्हणाला, पण आनंद काही लपेना.

पाचव्या दिवशी म्हणाला, "दाबून बघा ना, अजून कसा मऊ आहे!"

"बघितला की."

"हातमोजा घालून? त्याने काय कळणार, मॅडम?"

आणि मी शहाणी! मोजा काढून कापलेल्या बाजूवर बोट टेकवलं. पाव दबला... हळूच वर आला. तो पावाकडे बघत होता. मी नव्हते.

आठव्या दिवशी सकाळी पावावर हिरवा ठिपका दिसला. माझ्या बोटाएवढा, बोट टेकवलं होतं तिथेच. 'बुरशी आढळली' एवढं लिहून मोकळी झाले असते, तर कुणाला काही कळलं नसतं. पण त्याच्या आईचं विरजण मोरीत गेलं असतं.

मी प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तू? मोजा काढलास? चाचणी रद्द. पुन्हा पहिल्या दिवसापासून. आणि त्याला तूच सांग."

तो आल्यावर मी एका दमात सांगून टाकलं. तो ठिपक्यावर वाकला.

"बाकी कुठे नाही ना?"

"कुठ्ठेच नाही. भिंगाने पाहिलं. पाव चांगला आहे हो... चूक माझी आहे."

"मग बाबांची समजूत मी घालतो." त्याने बोटांवर दिवस मोजले. "म्हणजे आणखी आठ दिवस रोज यायचं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "नमुना देणाऱ्याने... यायची गरज नसते. कधीच नव्हती."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला नसतात," मी म्हणाले. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. "आणि मला तुम्ही यायला हवे होतात."

त्याने खिशातून पहिल्या दिवशीची पावती काढली, उलटी करून माझ्यासमोर धरली. मागे बारीक अक्षरांत तोच नियम छापला होता, आणि त्याखाली पिठाच्या बोटाचा जुना ठसा होता.

"पहिल्याच दिवशी वाचला होता," तो म्हणाला. "उद्या ताजा पाव आणतो... मोजे तेवढे घाला हं. तपासणी संपेपर्यंत."