गार हाताचा पहिला बाण

खरं सांगायचं तर डेलिया त्या सकाळी तंबूबाहेर आली ती नुसती पाणी भरायला. मोंटानातला सप्टेंबर, दरीत धुकं काठोकाठ भरलेलं, आणि वरच्या पाइनच्या झाडीत एल्क, म्हणजे तिकडचं थोराड सांबर, शीळ घालत होता. घोड्याएवढा नर, आणि शीळ कशी, तर लांबलचक, रडवेली! झालं, पोरीनं पाणी ठेवलं आणि धनुष्य उचललं.

"आधी ताटली!" ऑर्विलमामा तंबूतूनच खेकसला.

मामाचा नियमच तो. रोज उठल्या उठल्या, हात गार असतानाच, पहिला बाण झाडावर ठोकलेल्या कागदी ताटलीत मारायचा. जिथून तो चुकत नाही, तेवढंच आपलं अंतर; त्यापलीकडच्या जनावरावर बाण सोडायचा नाही. डेलियाचं अठ्ठावीस यार्ड. गेल्या साली मात्र तिनं बावन्नवरून एका एल्कवर बाण सोडला होता. बाण पोटात घुसला, तो तसाच घेऊन जनावर पळालं. दोघं दोन दिवस रक्त शोधत फिरले. सापडलंच नाही. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

"आल्यावर मारते ना मामा!" म्हणत ती सटकली.

धुक्यात स्वतःचं पाऊलही वाजेना. आणि मग तो दिसला... अलगद, तरंगत आल्यासारखा. तिनं अंतर मोजायचं यंत्र डोळ्याला लावलं. बावन्न. तो पुढे आला. बावन्न. आणखी पुढे. ओल्या केसांचा उग्र वास, गालावर ऊन ऊन श्वास, आणि यंत्रात... बावन्नच.

अहो, हात लांब केला असता तर शिंगाला लागला असता! यंत्र सोडून तिनं बाण लावला, दोरी गालापर्यंत ताणली.

"नाही रे..." ती पुटपुटली. "इतक्या लांबून नाही..."

तिनं दोरी हळूच सैल केली. धुकं हललं. समोर कोणी नव्हतं.

परतली तर मामा कॉफी घेऊन ताटलीसमोर उभा. "लबाड! मारलास की गुपचूप. बरोब्बर मध्यावर!"

"मी... नाही मारला, मामा."

ताटलीत नारिंगी पिसांचा बाण होता. गेल्या सालचा. पिसं तिनंच चिकटवलेली. मामानं दांडीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"ऊन आहे गं..."

मागे हिमकणांनी पांढऱ्या झालेल्या गवतात चार खुरं उमटली होती. येतानाची नाहीत, जातानाची नाहीत. नुसती उभी, ताटलीकडे तोंड करून. मामानं ताटलीपासून टेप धरली, खुरांपर्यंत गेला, वाकून आकडा बघितला आणि टेप पुन्हा ताणून परत एकदा बघितला.

"बावन्न ना?" तिनं विचारलं.

"नाही गं..." मामा म्हणाला. "अठ्ठावीस."