चालून दाखवा

दिग्विजयच्या नडगीचं हाड मला पाठ होतं... चेहरा मात्र नंतर दिसला.

मी सई. लोणी देवकरच्या कारखान्यात टायटॅनियमच्या हाडांची डिझाइनं करते. मशीन ती थरावर थर चढवत छापतं. अंथुर्ण्याच्या दिग्विजयची उजवी नडगी जुन्या जंतुसंसर्गानं पोखरली होती. डॉक्टरांनी सडका भाग काढून टाकलेला. तिथं बसेल असा तुकडा मला करायचा होता. पुन्हा पू झाला, की पाय जाणार. अशा वेळी चांगल्या पायाचं स्कॅन घेऊन आरशातल्यासारखं उलटवायचं, ही आमची रीत. पण त्याच्या डाव्या हाडाला बारीकसा बाक होता. तो मला चैन पडू देईना.

डॉक्टरांना विचारायला बारामतीच्या हॉस्पिटलात गेले, तर लिफ्टपाशी कुबडी घेतलेला तरुण. सवयीनं मी आधी पायच पाहिले. अर्ध्या विजारीखाली डाव्या नडगीला तोच बाक.

"अंथुर्ण्याचे दिग्विजय ना?"

"व्हय. पाय बघून नाव सांगता?"

"तुमचं हाड मीच करतेय. जरा चालून दाखवता?"

तो गालात हसला. "असं मुलीला सांगत्यात... बघाय आल्यावर."

माझे कान तापले. तरी विचारलंच, "डावा पाय कधी मोडला होता?"

त्याचं हसू मावळलं. "लहानपणी चिंचेवरनं पडलो. हाडवैद्यानं बांधला. आई म्हणायची, कुणाला सांगू नको, पायात खोट हाय म्हटल्यावर मुलगी कोण देईल? डॉक्टरांनाबी न्हाय सांगितलं."

"तोच बाक मी उजव्या पायात छापणार होते."

मी पर्समधून त्याच्या हाडाचा प्लास्टिकचा नमुना काढून दिला. तो कितीतरी वेळ उलटसुलट बघत राहिला.

"आतनं असा दिसतो व्हय मी? तुमी रोज हेच बघता?"

"रोज. तुमचं जरा जास्तच बघितलं."

बाक काढून तुकडा छापला. ऑपरेशननंतर मी रिपोर्ट विचारायला फोन करायची. तो "पू न्हाय" एवढं सांगून आपल्या बागेतल्या डाळिंबाच्या फुलांवर यायचा. पुढं रिपोर्ट नसतानाही फोन होऊ लागले. मला तो आवडत होता — आणि दर रिपोर्टला "पू न्हाय" ऐकेपर्यंत मी दुसरं काम हातात घेत नसे.

वर्षभरानं डॉक्टर म्हणाले, जंतू गेले. मग तो आई सिंधुबाईंना घेऊन वालचंदनगरला आमच्या क्वार्टरवर आला. पोहे झाले. सिंधुबाई जुन्या वळणानं म्हणाल्या, "पोरी, जरा चालून दाखव."

मी उठणार, तोच दिग्विजय उठला. "ती न्हाय, आई. मी दाखवतो."

कुबडीशिवाय तो दारापर्यंत गेला, वळला, माझ्यासमोर येऊन थांबला.

"पसंत हाय का?"

"पायांकडे बघायचं राहिलंच..." मी म्हटलं. "पण पसंत आहे."