रिकामे ट्रे

भाच्याचं पत्र मामांच्या टेबलावर बरेच दिवस उत्तराविना पडून होतं.

‘मामा, फोनवर तुम्ही नुसतं हूं हूं करता, म्हणून लिहितोय. तुमच्या जुन्या शाळेच्या बसला ड्रायव्हर हवाय. तुम्ही शब्द टाकलात की काम झालंच.’

शाळेच्या ग्रंथालयात अख्खी नोकरी काढलेले मामा म्हणजे भिडस्त माणूस. ‘हो’ लिहवेना, ‘नाही’ म्हणवेना.

पुढे जे घडलं ते मानायचं की नाही, तुम्ही ठरवा. मामा खोटं बोलत नाहीत. त्यांना ते जमतच नाही.

थंडीतली संध्याकाळ होती. धुकं उतरत होतं. बेकरीचा माल पोचवून परतणाऱ्या भाच्याला मामा रस्त्यात दिसले. त्यानं त्यांना व्हॅनमध्ये घेतलं.

आत गोडसर, जळकट वास होता.

“गांजा ओढलास?”

“दोनच झुरके. आणि ओढल्यावर मी उलट जपून चालवतो, मामा. मागून गोगलगायसुद्धा हॉर्न देते!”

मामा कसनुसं हसले. ‘मला उतरव’ हे शब्द ओठांपर्यंत येऊन मागे फिरले.

मागे पावाचे पत्र्याचे ट्रे खड्ड्याखड्ड्याला खडखडत होते.

“हा आवाज आला की समजायचं, माल संपला,” भाचा म्हणाला. “भरलेले ट्रे वाजत नाहीत.”

शाळेसमोरचा सिग्नल लाल झाला.

व्हॅन थांबली नाही.

पांढऱ्या पट्ट्यांवर एक मुलगी होती. पाठीला दप्तर. तिनं मान वळवून पाहिलं...

“अरे, ब्रेक!”

धक्का नाही. किंकाळी नाही. काहीच नाही.

व्हॅन बरीच पुढे जाऊन थांबली. भाचा पांढराफटक पडला होता.

“मी दाबला होता ना ब्रेक? मला वाटलं... दाबला.”

“ती मुलगी?”

“कुठली मुलगी?”

दोघं चालत मागे आले. रस्ता मोकळा. कडेलाही कुणी नाही.

“ओढला मी, चढला तुम्हाला,” भाचा म्हणाला. पण त्याला हसू येईना.

ते निघाले. पहिला खड्डा आला.

ट्रे वाजले नाहीत.

दुसरा...

नाहीत.

“मामा,” भाचा कुजबुजला, “गाडी भरलेली वाटतेय.”

त्यानं व्हॅन कडेला घेतली. मागचं दार उघडलं.

सगळे ट्रे रिकामे. त्यानं एक हलवून पाहिला. खणखणीत वाजला.

मामांनी दार लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच न विचारता दुसऱ्याची वस्तू घेतली. व्हॅनची किल्ली.

“चालत जाऊ.”

भाचा त्यांच्या मागोमाग निघाला. थोडं पुढे गेल्यावर, बंद व्हॅनमधून एकच ट्रे वाजला...

त्यावरून कुणी उठावं, तसा.

दोघांनीही मागे पाहिलं नाही.

वाटेत भाच्याला तोंडावर सांगणं मामांना जमलं नाही. घरी येऊन त्यांनी लिहिलं, ‘शिफारस करणार नाही. गांजा सुटेपर्यंत कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगला हात लावू नकोस. रागावलास तरी चालेल. ती मुलगी मी पाहिली आहे.’

सकाळी पोस्टमन टपाल काढून गेल्यावर त्यांनी रिकाम्या टपालपेटीत पत्र टाकलं.

आत पडल्याचा आवाज यायला हवा होता.

मामा कान देऊन उभे राहिले...