तिसरा ठोका

खोटं वाटत असेल तर इथेच वाचणं सोडा. मी मावशीला त्या पायरीवर बसलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगतोय.

हे घडलं माझ्या मामाच्या घरी. मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला, चांगल्या लख्ख उजेडात.

मामा दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचा. हात कसबी, पण दुसऱ्याचं काम दिसलं की नाक मुरडलंच! मावशीचे यजमान, आमचे काका, वारल्यावर मावशीने त्यांचा सिक्वेन्सर मामाकडे दुरुस्तीला आणला. प्लायवुडची पेटी, आठ बटणं. बटणं दाबून ताल भरायचा, की पेटी तो पुन्हा पुन्हा वाजवणार. काकांनी घरीच बनवलेली.

"हे यंत्र आहे की चपलांचा खोका?" मामा हसला आणि यादी करायला बसला. सोळा बटणं. स्क्रीन. नवी मेमरी.

"काय हवं ते बदल," मावशी म्हणाली. "पण आतले ठोके तेवढे पुसू नकोस."

काका साडेपाचला कामावरून येत. बेल असूनही दार वाजवत. दोन ठोके, मग जरा थांबून तिसरा. तेच त्यांनी गंमत म्हणून पेटीत भरले होते. मावशी रोज साडेपाचला ते लावून बसायची.

"ताई, आधी कॉपी करतो, मग हात लावतो."

केली का कॉपी? छे! तीन ठोक्यांसाठी एवढे मोठे साहेब कशाला राबतील? जुनी मेमरी एका छोट्या सेलवर टिकून होती. मामाने सेल उपटला. सगळं पुसलं गेलं. मग नव्या मेमरीत स्वतःच तीन ठोके भरले.

मावशीने एकदाच ऐकलं.

"हे ते नाहीत रे. तिसऱ्याला ते उशीर लावायचे."

पेटी तिथेच टाकून ती रडत घरी गेली.

"भावोजींना धड ताल येत नव्हता, त्याचं केवढं कौतुक!" मामा म्हणाला.

मग तो मंगळवार आला.

पेटी टेबलावर उघडी. प्लग काढलेला. स्पीकरची वायर सुटी.

टक... टक...

मामाने पेटीला हात लावला. गार.

...टक.

उशिरा. बरोब्बर तेवढाच उशिरा.

आवाज दारावर होता. मामाने दाराच्या भिंगातून पाहिलं.

बाहेर कुणीच नव्हतं.

बुधवारीही तेच. गुरुवारी मामाने घाबरून मावशीला बोलावलं.

"ऐक... ऐकलंस?"

"नाही रे." मावशी रडकुंडीला आली. "तुला ऐकू येतंय ना? मग दार उघड की!"

इतरांना अडाणी म्हणणारा हा शूर गडी कडी दोन्ही हातांनी दाबून उभा राहिला. तिलाही उघडू दिली नाही.

तेव्हापासून मावशी रोज त्याच्या दाराबाहेर पायरीवर बसते.

काल मी तिला आणायला गेलो. जिन्यात आम्ही दोघंच. साडेपाच वाजले. मला काही ऐकू आलं नाही.

आतून मामाचा आवाज आला, "भावोजी, चुकलो... पाया पडतो, जा आता..."

मावशी पायरीवर जराशी सरकली. शेजारी जागा केली.

मी त्या जागेवर बसलो नाही.