हवेबिगर

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कोचीच्या एका प्रयोगशाळेत समुद्राचं पाणी तपासायचं काम करणारी अंजना रजा काढून गावी आली. कवठे महांकाळच्या थांब्यावर एसटीतून उतरली ती जवळजवळ पळतच घराकडे निघाली. पिशवीत घट्ट बुचाची एक बाटली होती. ती बापाला कधी दाखवते असं तिला झालं होतं.

तिचा भाऊ अर्जुना, जहाजावरचा खलाशी. गेल्या वर्षी अरबी समुद्रात पडला, तो सापडलाच नाही. बाटलीतलं पाणी त्याच जागेच्या खोलातलं होतं.

“आबा, ह्या पाण्यात हवा जवळजवळ न्हाईच,” चुलीपाशी टेकत ती म्हणाली. “तरी त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव जगत्यात! खतात असतो ना, तसला क्षार असतो पाण्यात. त्यातला प्राणवायू ओढून घेत्यात आन् नायट्रोजन सोडत्यात.”

म्हाताऱ्या हरिबाचे डोळे लकाकले. “म्हंजी हवेबिगर ऱ्हाता येतं?”

“त्या जिवांना, आबा. माणसाला न्हाई.”

पण हरिबानं बाटली उचलून तोंडाशी धरली होती. “अर्जुना...” त्यानं हलकेच हाक मारली. तळातून एक बुडबुडा उठला. पुन्हा हाक, पुन्हा बुडबुडा. अंजनाच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतक्याशा पाण्यातून एवढा वायू?

“आबा, बूच काढू नगा...”

त्यानं काढलं.

घरभर खारट, ओला वास कोंदला. चुलीतला जाळ बसला आणि विझला. अंजनानं ओरडायला तोंड उघडलं, पण आत घ्यायला हवाच नव्हती. ती रांगत कशीबशी अंगणात येऊन पडली. मागं दार आपसूक लागलं.

आतून हरिबाचा आवाज येत होता. मधेच हसणं. “व्हय रं... असं व्हय... शिकतो की...”

शेजारच्या जोतीरामानं धावत येऊन दार फोडलं. हरिबा भिंतीला टेकून मजेत बसला होता.

“पोरी, लय भूक लागलीया.”

अंजनाला हसू आणि रडू एकदमच फुटलं. तिनं चूल पेटवली, भाकरी थापली. किती महिन्यांनी आबा पोटभर जेवला! अर्जुनाच्या गोष्टी सांगताना थकेना. ती लहानपणासारखी त्याच्या छातीवर डोकं ठेवून ऐकत राहिली. काळीज ठणठणीत वाजत होतं.

ती बराच वेळ तशीच पडून राहिली. मग तिच्या ध्यानात आलं... तिचं डोकं एकदाही वर-खाली झालं नव्हतं.