भोपळा बुडत नाही

बाबांच्या तलाठ्याने आमचं बेट बुडवून टाकलं. पाण्यात नव्हे हो, अहवालात! पण अहवालात बुडालेल्या बेटावरून माणसांना खरोखरच उठावं लागतं, म्हणून माझं डोकं फिरलं.

तलाठी म्हणजे रोबो. सहा पायांचा, पाठीवर सौरपत्रा (उन्हापासून वीज तयार करणारा पत्रा) लावलेला, वाळूत खेकड्यासारखा तिरका चालणारा. दिवसभर जमीन मोजत फिरतो, म्हणून मी त्याला तलाठी म्हणते. त्याला जगातल्या झाडून सगळ्या भाषा येतात, पण मराठी बोलतो ती सरकारी पत्रासारखी. मी वारणा खानोलकर. सहावीत आहे. मला सगळे चिडकी म्हणतात. म्हणोत बापडे.

माझे बाबा किनारा-अभियंता आहेत (समुद्राकाठच्या जमिनीची राखण करणारे इंजिनिअर). आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे. त्या वर्षी आई दक्षिण ध्रुवावर बर्फाच्या संशोधनाला गेली होती आणि बाबांना इंडोनेशियात काम मिळालं होतं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले. इंडोनेशिया म्हणजे बेटांचाच देश. हजारो बेटं! त्यातल्या सुलावेसी नावाच्या मोठ्या बेटावर मकासर शहर आहे. तिथून बोटीने पश्चिमेला निघालं की उथळ समुद्रात पांढऱ्या वाळूची चिमुकली बेटं लागतात. आमचं बेट त्यातलंच, पुलाऊ लाबू. पुलाऊ म्हणजे बेट आणि लाबू म्हणजे भोपळा. शाळेच्या नकाशात ते शोधत बसू नका, तिथे टिंबसुद्धा नाही. या टोकावरून त्या टोकाला जायला एक कविता म्हणून होईपर्यंतचा वेळ लागतो.

या भोपळ्यावर माझी मैत्रीण तेन्री राहायची. तिच्याशी आणि गावाशी आम्ही तिथल्या भाषेतच बोलायचो. तिचं घर अगदी पश्चिमेच्या काठावर, लाकडी खांबांवर उभं होतं. भरतीला समुद्र थेट घराखाली यायचा आणि तेन्रीची मांजर खिडकीतून मासे बघत बसायची.

आम्ही यायच्या कितीतरी वर्षं आधी तलाठ्याने पश्चिम किनाऱ्यावर खुंट्या ठोकल्या होत्या. दर वर्षी तो खुंटीपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचा आणि दर वर्षी ते कमी भरायचं. त्या वर्षी तर पहिली खुंटीच वाहून गेली. झालं! 'बेट बुडत आहे. सर्व रहिवाशांना मकासरमधील इमारतीत हलवावे. पश्चिमेकडील घर प्रथम पाडावे.' म्हणजे तेन्रीचं घर. रविवारी बाबा हे सगळ्या गावासमोर वाचून दाखवणार होते.

"मी लिफ्टच्या घरात राहणार नाही," तेन्री म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण हनुवटी वर होती. "मांजर पण राहणार नाही."

मी तडक बाबांकडे गेले. "बाबा, हे काय चालवलंय तुम्ही?"

बाबांनी चष्मा काढला. "वारू, मला काय हौस आहे का? समुद्र चढतोय, हे खोटं आहे का? उद्या मोठी लाट आली आणि तेन्री झोपेत असली, तर? तेव्हा तू कुणाशी भांडणार?"

मी पाय आपटत बाहेर पडले. आता तर मी आणखीच चिडले होते.

चिडले की मी पाण्यात जाते. तेन्री आणि मी डोळ्यांना काचा लावून उथळ पाण्यात उतरलो. पाण्याखाली शांतता असेल असं तुम्हाला वाटतं ना? छे! सगळीकडून कर्र, कर्र, कर्र असा आवाज येत होता, जणू कुणी भाजलेले पापड खातंय. बघते तर निळेहिरवे, पोपटासारखी चोच असलेले मासे दगड कुरतडत होते. खरेखुरे दगड! तेवढ्यात त्यातला एक मासा वर आला आणि त्याच्या मागून पांढरा धूर निघाला. धूर हळूहळू खाली बसला. मी हात लावून पाहिला, तर वाळू!

"शी! हा काय प्रकार?" मी पाण्याबाहेर डोकं काढून ओरडले.

तेन्रीवर हसून हसून बुडायची वेळ आली. "शी काय? तू रोज त्याच्यावरच तर लोळतेस!"

मी ओलीचिंब तशीच तलाठ्यासमोर जाऊन उभी राहिले. "तलाठ्या, खरं सांग. आमच्या वेंगुर्ल्याला वाळू येते कारण सह्याद्रीचे दगड झिजतात आणि नद्या ते समुद्रात आणतात. इथे ना डोंगर, ना नदी. मग या बेटाची वाळू आली कुठून?"

"प्रश्न योग्य आहे," तलाठी म्हणाला. "या देशात काही बेटे ज्वालामुखींनी (पोटातला तापलेला रस बाहेर ओकणाऱ्या डोंगरांनी) घडविली आहेत. हे बेट मात्र जिवांनी घडविले आहे. पाण्याखाली प्रवाळ (वसाहत करून राहणारे, नखाएवढेही नसलेले जीव) आहेत. ते समुद्राच्या पाण्यातील विरघळलेला चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतात. घरावर घर रचले जाऊन प्रवाळखडक तयार होतो. मृत प्रवाळावर शेवाळ उगवते. पोपटमासा ते शेवाळ खाण्यासाठी खडक खरवडतो. त्याच्या घशात दुसरी दंतपंक्ती असते. तिथे खडकाचे पीठ होते. शेवाळ पचते. पीठ पचत नाही."

"आणि मग ते... मागून."

"होय. शिंपल्यांचा व इतर सूक्ष्म जिवांच्या कवचांचा चुराही त्यात मिसळतो. लाटा हे सर्व उचलून एका जागी टाकतात. त्या ढिगास बेट म्हणतात."

म्हणजे मी ज्या वाळूत किल्ले बांधले, त्या वाळूचा कारखाना समोर पाण्यात अजूनही कर्र कर्र करत चालू होता! मी विचार करू लागले. कारखाना चालू आहे, माल तयार होतोय, आणि तरी पश्चिमेला वाळू कमी होतेय. मग माल जातोय कुठे?

"तलाठ्या, मोठ्या लाटा कुठून येतात?"

"वर्षाचे काही महिने वारा पश्चिमेकडून जोरात वाहतो. तेव्हा लाटा पश्चिम काठावरील वाळू उचलतात व बेटाच्या दोन्ही कडांनी वाहून नेतात. उरलेल्या महिन्यांत वारा उलट दिशेने वाहतो. तो या बाजूस तितका जोरदार नसतो."

"म्हणजे गेलेली वाळू सगळी परत येत नाही. मग ती पूर्वेला, आडोशाला साचत असणार! तू पूर्वेला मोजलंस का?"

"नाही. हानी पश्चिमेस आहे. खुंट्या पश्चिमेस आहेत. पूर्व किनारा आराखड्यात समाविष्ट नाही."

अस्सं! जिथे दुखतं तिथेच बोट लावायचं आणि अख्खा माणूस मेला म्हणून सांगायचं! मी हात कमरेवर ठेवले. "चल, मोज मग पूर्वेला."

"आराखड्याबाहेर जाण्याची अनुमती नाही. माझे काम बेटाची मोजणी आहे."

"बेट म्हणजे काय? सांग बघू."

"बेट म्हणजे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग."

"एवढंच? मराठी येते म्हणतोस ना? अजून एक अर्थ आहे."

त्याचे दिवे लुकलुकले. "दुसरा अर्थ. एकत्र दाटीने वाढलेल्या बांबूंचा समूह. उदाहरणार्थ, बांबूचे बेट."

"हां! आमच्या वेंगुर्ल्याच्या घरामागे आहे बांबूचं बेट. एका बाजूच्या काठ्या जुन्या होऊन वाळतात, दुसऱ्या बाजूला नवे कोंब येतात. तू काय करशील? वाळलेल्या काठ्या मोजून 'बेट मेलं' म्हणून सांगशील?"

तलाठ्याच्या पोटातला पंखा जोरात फिरू लागला. रोबो विचार करू लागला की तो असाच घरघरतो.

"बांबूच्या बेटाचा संपूर्ण घेर मोजावा लागेल," तो म्हणाला. "बेटाच्या मोजणीत घेर अभिप्रेत आहे. सबब, अनुमती आहे."

तेन्रीला मराठीतलं ओ की ठो कळलं नव्हतं, पण तलाठी पूर्वेकडे तिरका तिरका पळायला लागलेला पाहून तिने शिट्टीच मारली.

पूर्वेला वाळूची एक लांबलचक जीभ समुद्रात शिरली होती. गावातली पोरं तिथे रोज फुटबॉल खेळायची, पण कुणी तिला जमीन म्हणत नव्हतं. काल आलेली वाळू उद्या जाईल, असं सगळे धरून चालले होते. तलाठीही, या वेळी तेन्रीला कळेल अशा भाषेत, तेच म्हणाला, "ही वाळू तात्पुरती आहे. नियमानुसार, ज्या वाळूत वनस्पती रुजली आहे तिलाच जमीन म्हणून गणावे."

माझा चेहरा पडला. तेन्री मात्र गोलपोस्टच्या पलीकडे चालत गेली आणि कमरेत वाकून म्हणाली, "मग हे काय आहे?"

वाळूवर जाड जाड हिरवी पानं पसरली होती आणि मध्ये जांभळी फुलं. मी आनंदाने किंचाळले. मर्यादवेल! वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर हीच तर असते. समुद्र रोज जिथवर येतो, त्याच्या अलीकडे ती रुजते. समुद्राची मर्यादा दाखवते, म्हणून मर्यादवेल. तिच्या मुळांत आणि पानांत वाळू अडकते, मग आणखी वाळू साठते, आणि मग मोठी झाडं येतात. तिथे सुरूची बोटभर रोपंसुद्धा उगवली होती.

तलाठ्याने पाय खुपसून मुळं तपासली, फोटो काढले आणि सबंध बेटाला चक्कर मारली. आम्ही दोघी त्याच्यामागे धावत होतो.

रविवारी गाव जमलं. बाबांनी अहवाल वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी उभी राहिले. म्हटलं, आता गप्प बसले तर जन्मभर स्वतःवर चिडेन.

"बाबा, अहवाल अर्धा आहे. तलाठ्या, दाखव."

तलाठ्याने हवेत दोन चित्रं उमटवली. पहिलं जुनं, गोल भोपळा. दुसरं आजचं, पूर्वेला ओढलेला दुधी भोपळा. "क्षेत्रफळ (एकूण जमीन) जवळपास तितकेच आहे," तो म्हणाला. "बेट बुडालेले नाही. बेट सरकले आहे. माझा निष्कर्ष चुकीचा होता."

गावात एकच गलका झाला. बाबा मात्र हसले नाहीत. ते चित्राजवळ गेले आणि दोन्ही आकार पुन्हा पुन्हा बघत राहिले. मग सगळ्यांकडे वळले.

"मी पूर्वेला बघायला हवं होतं. चूक माझी आहे," ते म्हणाले. "पण समुद्र चढतोय, हे अजूनही खरं आहे. प्रवाळ आणि मासे जिवंत राहिले, तरच बेटाला नवी वाळू मिळेल आणि ते टिकायची आशा राहील. ते मेले, तर मी काय, कुणीच काही करू शकणार नाही. आणि तेन्रीचं घर? त्याच्याखालची वाळू तर गेलीच ना? ते पाडावंच लागेल."

"पाडायचं कशाला?" तेन्री म्हणाली. "उचलायचं."

बाबांना वाटलं, ती थट्टा करतेय. "घर? उचलायचं?"

"हो! आमच्यात उचलतात की." आणि सगळं गाव बाबांकडे असं बघू लागलं, की या माणसाला एवढंही ठाऊक नाही! तिथले बुगिस लोक घरं लाकडी खांबांवर बांधतात, पायाला सिमेंट नसतं. जागा बदलायची वेळ आली, की घराखाली आडवे बांबू बांधायचे, सगळ्या गावाने खांदे लावायचे आणि घर चालवत न्यायचं. बेट सरकलं, तर घरही सरकेल. एवढा सोपा उपाय आमच्या बाबांच्या आराखड्यात नव्हता!

त्याच दिवशी गावाने दोन गोष्टी ठरवल्या. पोपटमासे कुणी पकडायचे नाहीत. आणि येत्या ओहोटीला तेन्रीचं घर पूर्वेला न्यायचं, मर्यादवेलीच्या बरंच अलीकडे, जुन्या नारळांच्या ओळीत.

ओहोटीला सगळे जमले. मांजर खिडकीतून हलायला तयार नव्हती, म्हणून तिला घरातच राहू दिलं. "सातू, दुआ, तिगा!" (एक, दोन, तीन!) आणि घर कुरकुरत वर आलं. एका कोपऱ्याला माणूस कमी पडत होता. बाबांनी चष्मा माझ्या हातात दिला, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि बांबूखाली खांदा दिला.

"बाबा, जमेल ना?"

"अगं, लहानपणी विहिरीत पोहायला शिकलो, तेव्हा पाठीला वाळका भोपळा बांधायचे," बाबा धापा टाकत म्हणाले. "तो कधी बुडाला नाही. हाही नाही बुडायचा."

घर चालू लागलं. कौलं खडखडत होती, पोरं ओरडत होती, मांजर ऐटीत बसली होती. तेन्री सगळ्यांच्या पुढे, आपल्याच घराला वाट दाखवत चालली होती.

तलाठी माझ्या शेजारून तिरका चालत होता. "नोंद करावयाची आहे," तो म्हणाला. "या कुटुंबाचा पत्ता बदलला काय?"

"मुळीच नाही," मी म्हणाले. "पत्ता तोच, तेन्रीचं घर, पुलाऊ लाबू. आणि पुढच्या वर्षी खुंट्या चारी बाजूंना ठोक."

"चारी बाजूंना," तलाठी म्हणाला, आणि त्याने न सांगता बाबांच्या कोपऱ्याखाली आपली पाठ लावली.