मनकर्णाचा धक्का

तुमचं बरं आहे रे पोट्टेहो, चाबी अर्धी फिरवली का गाडी चालू. आपल्या स्टँडवरच्या धनराजचं तसं नव्हतं. तो सवारीची काळीपिवळी जीप चालवते, पोंभुर्ण्याकडचा. हे त्याच्याच तोंडून ऐकलं. मी कधीमधी फेकतो, पण धनराज खोटं बोलत नाई.

चोवीस सालच्या होळीचा आदला दिवस, तेवीस मार्च, शनिवार. धनराज आपली जीप घरी न्यायले मूल गावी मिस्त्रीकडे गेला होता. इंजिनचं काम केलं होतं. सहा लाख किलोमीटर चाललेली गाडी ती. रिंगा घासल्या होत्या, पिस्टन ढिले, कॉम्प्रेशनच राह्यलं नव्हतं. सेल्फ मारला तर नुसती घुरघुर. त्याच्यापायी दोन वर्षं रोज सकाळी त्याची बायको मनकर्णा मागून धक्का देत जाय. हा क्लच दाबून दुसऱ्या गेरात बसलेला. गाडीनं जोर पकडला का ती मागून म्हणे, "हं, सोडा." हा क्लच सोडे, इंजिन पेटे, अन् ती हासत धावत येऊन डाव्या दरवाज्यानं चढे. काम दिवाळीले करू, संक्रांतीले करू, असं धनराज म्हणत राह्यला. आपण सारेच तसे आहो.

मंग तेवीस सालच्या भादव्यात एका रात्री मनकर्णाच्या छातीत कळ उठली. घरी दोघंच. शेजाऱ्यानं धक्का मारून दिला, अन् तिले दवाखान्यात न्यायले तो मूलकडे निघाला. जंगलात नाल्याजवळ वाघ रस्त्यात बसलेला. आपली रीत तुम्हाले ठाऊक आहे, वाघ बसला का लाइट बंद, इंजिन बंद, तो आपोआप उठून जाते. धनराजनं सवयीनं चाबी फिरवली. फिरवल्यावर त्याले समजलं, आपण काय करून बसलो. वाघ गेला, पण गाडी काही चालू होईना. रस्त्याले जरासा उतार होता. मनकर्णा छातीवर हात ठेवून उतरली. हा नको नको म्हणे, तर ती म्हणाली, "गेर तुमाले समजते, मले नाई. तुमी बसा."

इंजिन पेटलं. पुन्हा बंद पडू नये म्हणून तो रेस देत पुढं नेत राह्यला, रोजच्यासारखी धावत येईन म्हणून आरशात पाहत. ती आली नाई. शंभर पावलं मागं रस्त्यात पडली होती. जीव गेला होता.

सहा महिने गाडी आंगणात उभी होती. मंग मूलच्या खुशाल मिस्त्रीनं तिच्यात रिंगा, पिस्टन, लायनर, बेअरिंगा, सारं नवं टाकलं. सणाची सुट्टी लागणार म्हणून रात्री अकरापर्यंत बसून गाडी दिली. पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नको म्हणाला. चाबी लावताच गाडी चालू झाली. खुशालले वाटलं हा खूश होईन. हा स्टेरिंगवर डोकं टेकवून लहान पोरासारखा रडला.

चाळीसनं येत येत पावणेबाराले तो नाल्यापाशी पोहोचला. टिपूर चांदणं. रस्त्याचं काम चालू, ताजा मुरूम पसरलेला. अन् गाडी बंद पडली.

चाबी फिरवली. घुरघुर बी नाई.

रातकिडे गप झाले.

मंग गाडी हालली. हळूच. त्याले वाटलं, उतार आहे. पण उतार मूलकडे होता. हा घराकडे चालला होता. गाडी चढावर सरकत होती…

मागून श्वास येत होता. दमलेला. थांबून थांबून.

त्यानं गाडी दुसऱ्या गेरात टाकली होती. कवा टाकली, ते त्याले आजही सांगता येत नाई.

"हं… सोडा."

त्याचा पाय उठेना.

"नको वं मनकर्णा," तो म्हणाला. "धक्का नाई लागत आता. सारं नवं टाकलं."

गाडी सरकतच राह्यली. श्वास वाढला. चढ होता… ती थकून जाईन, एवढ्याच मायेनं त्यानं क्लच सोडला.

इंजिन पेटलं.

या खेपेले तो पुढं गेला नाई. हँडब्रेक ओढला. जुनं इंजिन असतं तर तिथंच मेलं असतं. हे चालत राह्यलं. त्यानं वाकून डावा दरवाजा उघडला.

"ये," म्हणाला. "मी आहो इथीच."

वाट पाह्यली. खूप वेळ. कोणी नाई… सीट रिकामी.

शेवटी मोबाइलचा टॉर्च लावून तो मागं गेला. मुरमात गाडीमागं नुसती पायाची बोटं उमटली होती. खोल. टाच कुठीच नाई. जोर लावणाऱ्याची टाच टेकत नाई. दुसऱ्या बोटाशी जोडव्याचा ठसा होता. जिथं गाडी थांबली, तिथून पुढं मात्र पूर्ण पावलं होती, टाचेसकट, सावकाश चाललेली. ती पावलं गाडीच्या बाजूनं उघड्या दरवाज्यापर्यंत गेली होती.

परत आलेलं एक बी पाऊल नव्हतं.